होव्हा-बेटर १६०२एन: कोंबडीच्या मशीनमध्ये सरड्याची २९ पिल्लं

चाकणजवळच्या एका हॅचरीत मी २८ वर्षं नोकरी केली. अंड्याखाली दिवा धरून आत जीव आहे की नाही ते सांगायचं, सेटरचा, म्हणजे अंडी उबवायच्या मोठ्या मशीनचा, काटा अर्धा डिग्री हलला तरी मध्यरात्री उठून बघायचं आणि एकविसाव्या दिवशी ट्रेमधून चिवचिव ऐकू आली की मगच निवांत जेवायचं, यात माझं आयुष्य गेलं. आता मी ह्यूस्टनला मुलाकडे राहतो. इथे आल्यावर नातीने तिच्या शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची, अंडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला उबवता येतात ना?" मी हो म्हटलं. पहिली खेप पूर्ण वाया गेली. दुसऱ्या खेपेला होव्हा-बेटर नावाच्या ज्या मशीनवर पिल्लं निघाली, त्याबद्दल हे लिहितो आहे. मराठीत या विषयावर मला काहीच सापडलं नव्हतं, आणि इथल्या बऱ्याच मराठी घरांत मुलांनी हा प्राणी पाळलेला दिसतो.

प्राणी कोणता ते आधी सांगतो, कारण प्रत्येक जातीच्या अंड्यांचं गणित वेगळं असतं. आमची पाचू ही व्हेल्ड शॅमेलिऑन. मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातली जात. डोक्यावर उंच तुरा, अंग पोपटी, डोळे दोन दिशांना फिरणारे. आपल्याकडचा सरडगुहिरा तिचा जवळचा भाऊबंद. मादीला नर मिळो न मिळो, वयात आल्यावर ती अंडी घालतेच. एका वेळी २० पासून ८० पर्यंतही घालते. तिला खणायला ओलसर वाळूचं खोल भांडं मिळालं नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. म्हणून मशीनच्या आधी वाळूची बादली आणा. हाताने बोगदा केला आणि तो ढासळला नाही, इतकी ओल त्या वाळूत हवी.

पहिली खेप नोव्हेंबर २०१९ ची, ३८ अंडी. तेव्हा घाईघाईत एक स्वस्तातलं डिजिटल मशीन मागवलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पडद्यावर सुबक हिरव्या आकड्यांत ८२ फॅरनहाइट दिसायचं, म्हणजे साधारण २७.८ सेल्सियस. व्हेल्डच्या अंड्यांना तेवढंच हवं. दीड महिन्यात एकेक अंडं पिवळं पडून बसायला लागलं. तेव्हा मी माझा जुना काचेचा थर्मामीटर बॅगेतून काढून आत ठेवला. पारा ८९ वर गेला. पडदा ८२ च दाखवत होता. हॅचरीत नवीन मशीन आलं की पहिले तीन दिवस ते रिकामं चालवून, चारही कोपऱ्यांत थर्मामीटर ठेवून बघायचं, हा नियम मी स्वतः पोरांना शिकवला होता. घरी तो पाळला नाही. नात काही बोलली नाही, पण तिने ती अंडी मागच्या अंगणात एकटीने पुरली, आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यामुळे जून २०२० मध्ये होव्हा-बेटर घेतला तो पूर्ण विचार करून. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातली जी.क्यू.एफ. ही कंपनी तो बनवते. १६०२एन हे त्यांचं साधं मॉडेल, शंभर डॉलरच्या आत मिळालं. दिसायला फार काही नाही. जाड थर्मोकोलचा चौकोनी डबा, झाकणात बघायला खिडकी, झाकणाच्या आतून फिरवलेली तापणारी तार, एक छोटा दिवा आणि एक स्क्रू. खाली जाळी, जाळीखाली पाणी भरायच्या चाऱ्या. पंखा नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही. पन्नासेक कोंबडीची अंडी मावतील एवढी जागा.

तापमान सांभाळायला आत धातूची एक चकती असते, तिला वेफर म्हणतात. तिच्यात इथर भरलेलं असतं. हवा तापली की चकती फुगते, स्विच दाबला जातो आणि तार बंद होते. गार झाली की चकती बसते, तार पुन्हा चालू. आमच्या हॅचरीत सुरुवातीच्या काळातली जुनी मशीनं याच चकतीवर चालायची, त्यामुळे झाकण उघडताच ओळख पटली. बिघडली तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं आणि बदलताही येते. माझ्या लेखी हा मोठा गुण आहे.

पण हे मशीन कोंबडीसाठी बनवलेलं आहे, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. कोंबडीच्या अंड्याला १०० फॅरनहाइटच्या आसपास तापमान लागतं, खोलीपेक्षा वीस-पंचवीस डिग्री जास्त. एवढा फरक असला की चकती चोख काम करते. शॅमेलिऑनला लागतं ८२, आणि आमची खोली असते ७४ ते ७८. फरक जेमतेम चार-आठ डिग्रीचा. त्यामुळे एसी कमी-जास्त झाला की आतला पारा त्याच्यामागे हलतो. रिकामं मशीन मी दोन आठवडे चालवलं आणि दर तीन तासांनी वहीत नोंद केली. पारा ८० ते ८४ च्या मध्ये फिरत होता. नुसत्या मशीनवरही बहुतेक अंडी तगली असती असं मला वाटतं. पण पहिल्या खेपेची गोष्ट मनात होती.

म्हणून त्याला इंकबर्ड कंपनीचा आयटीसी-३०८ हा कंट्रोलर जोडला. हा एक स्वतंत्र प्लग आहे, त्याला वायरच्या टोकाशी सेन्सर. सेन्सर मशीनच्या आत अंड्यांच्या डब्यांमध्ये ठेवायचा, मशीनचा प्लग कंट्रोलरमध्ये घालायचा आणि कंट्रोलर भिंतीत. त्याच्या पडद्यावर आत्ताचं तापमान आणि आपण ठरवलेलं तापमान दोन्ही दिसतात. वापरण्याआधी सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून तो ३२ दाखवतो का ते पाहिलं. एका डिग्रीचा फरक निघाला, तो सेटिंगमध्ये दुरुस्त करता येतो. मग कंट्रोलर ८२ वर लावला आणि मशीनचा स्वतःचा स्क्रू ८६ च्या आसपास ठेवला. त्यामागचा हिशोब असा, की रोजचं काम कंट्रोलर करेल, आणि उद्या तो अडकून चालूच राहिला तरी ८६ ला चकती तार बंद करेल. आमच्या सेटरमध्येही असाच दुसरा राखणदार असायचा. उष्णता देणारं यंत्र कोणीही बनवेल. वेळेवर थांबणारं मिळायला हवं, कारण ही अंडी गारठ्याने मंदावतात पण उकाड्याने मरतात.

ही जोडी लागल्यावर वहीतले आकडे ८१ ते ८२ वर स्थिर झाले. मशीनच्या मोकळ्या कोपऱ्यांत पाण्याच्या चार छोट्या बाटल्या ठेवल्या, म्हणजे झाकण उघडलं तरी आतली ऊब पटकन उडत नाही.

१२ सप्टेंबर २०२० ला पाचूने ४१ अंडी घातली. पांढरी, चिंचोक्याएवढी, कवच कोंबडीसारखं टणक नाही, चामड्यासारखं मऊ. इथे मला माझीच सवय मोडावी लागली. कोंबडीचं अंडं सतत कलतं करावं लागतं, सेटरचे ट्रे तासातासाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुकतात. पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांना पिळदार दोऱ्या असतात, त्या त्याला मध्ये धरून ठेवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात त्या नसतात. गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो आणि अंडं उलटं झालं तर मरतो. म्हणून वाळूत अंडं जसं सापडलं तसंच उचलायचं, आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करायची. नातीने खुणा केल्या, मी अंडी उचलली. माझा हात थरथरत नाही म्हणून ते काम तिने मला दिलं.

खाली व्हर्मिक्युलाइट घातलं, बागेच्या दुकानात मिळतं ते पाणी धरून ठेवणारं खनिज, जाड दाण्याचं. वजनाला वजन पाणी. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. मुठीत दाबलं तर जेमतेम एखादा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं. झाकणाचे पाच प्लॅस्टिकचे डबे घेतले, प्रत्येक झाकणाला सुईने दोन भोकं. अंगठ्याने खळगे करून अंडी अर्धी रुतवली, दोन अंड्यांत बोटभर अंतर, कारण ती पुढे फुगतात. कोंबडीला ओलावा हवेतून मिळतो, या अंड्यांना तो खालून हवा. म्हणून मशीनच्या चाऱ्या मी कोरड्याच ठेवल्या.

शेवटी प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन झाकणावर लिहिलं. हे मी कुणाच्याही सल्ल्यात वाचलेलं नाही, हॅचरीतली सवय आहे. हॅचरीत अंड्याचं वजन किती घटलं यावर दमटपणा ठरवतात. इथे महिन्यातून एकदा डबा तोलायचा, चार-पाच ग्रॅम कमी झालं असेल तर तेवढंच कोमट पाणी ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं, अंड्यावर नाही. अंदाजाने पाणी शिंपडून लोक अंडी कुजवतात. काटा असला की अंदाज लागत नाही.

महिनाभरात सात अंडी पिवळी पडून बसली, त्यांच्यावर बुरशी आली. ती वांझ होती, काढली. पुढे काही आठवड्यांनी उरलेल्यांखाली बारीक एलईडी टॉर्च धरला तेव्हा आत गुलाबी उजेड आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. नातीला जवळ बोलावलं. ती श्वास रोखून बघत राहिली. डिसेंबरात आणखी दोन गेली. राहिली ३२.

आणि मग फेब्रुवारी. इथले लोक ते दिवस विसरणार नाहीत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्सासच्या ग्रीडने वीज कापायला सुरुवात केली आणि आमची गेली ती तिसऱ्या दिवशी, बुधवारपर्यंत आली नाही. बाहेर पाणी गोठलं होतं. घरातला पारा दुसऱ्या दिवशी ४४ फॅरनहाइटवर, म्हणजे सात सेल्सियसच्या खाली आला. हॅचरीत वीज गेली की जनरेटर काही सेकंदांत सुरू व्हायचा, इथे माझ्याजवळ काड्यापेटी आणि गॅसची शेगडी होती.

त्या दोन दिवसांत या थर्मोकोलच्या डब्याची खरी किंमत कळली. सुरुवातीला मी झाकण उघडलं नाही. मशीन भिंतीपासून दूर खोलीच्या मध्ये घेतलं, सौभाग्यवतीने साताऱ्याहून आणलेली गोधडी चारी बाजूंनी गुंडाळली, वर दुसरी रजई. सहा तासांनंतर आत ७४ होतं. मग दर चार तासांनी शेगडीवर पाणी कोमट करून दोन बाटल्या भरल्या आणि आतल्या गार झालेल्या बाटल्यांच्या जागी पटकन ठेवल्या. हाताला सोसवेल एवढंच कोमट, आणि डब्यांना न चिकटवता. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून कडक पाणी घाला, गार पडतंय." मी नाही म्हटलं. माझ्या अनुभवात वीज गेल्यावर मेलेल्या पिल्लांपेक्षा घाबरून जास्त ऊब दिल्याने मेलेली पिल्लं जास्त आहेत. मंगळवारी पहाटे आतला पारा ६१ पर्यंत उतरला, त्याखाली गेला नाही. बाहेर खोलीत ४४ आणि आत ६१, हा सतरा डिग्रींचा फरक एका थर्मोकोलच्या डब्याने, पांघरुणांनी आणि कोमट बाटल्यांनी राखला. तेव्हा नात पाचूला स्वेटरच्या आत छातीशी धरून बसली होती.

बुधवारी वीज आली. कंट्रोलर आपणहून चालू झाला, ठरवलेलं ८२ त्याच्या लक्षात होतं. पारा सावकाश वर चढला, साडेतीन तासांत. मला तेच हवं होतं. पुढचे दहा दिवस मी टॉर्च लावलाच नाही, कारण अंड्यांना उगाच त्रास नको. अकराव्या दिवशी लावला. शिरा होत्या.

मार्चअखेर अंडी जवळपास दीडपट फुगली. १ एप्रिलच्या रात्री तीन अंड्यांवर घामाचे थेंब दिसले आणि ती जराशी बसल्यासारखी झाली. व्हेल्ड पाळणारे सांगतात की अंड्याला घाम फुटला की एक-दोन दिवसांत पिल्लू. तसंच झालं. २ एप्रिलला सकाळी, २०२ व्या दिवशी, एका अंड्याच्या टोकाला चांदणीसारखी चीर पडली आणि त्यातून हिरवं नाक बाहेर आलं. कोंबडीचं पिल्लू कवच टोचत गोल फिरतं, ओरडतं. हे पिल्लू आवाजच करत नाही. नाक बाहेर काढून तासन्‌तास बसून राहतं, कारण आत बलक शोषून घ्यायचा असतो. ओढून काढायचं नाही, हे मी नातीला दहा वेळा सांगितलं आणि तिने एकदाही हात लावला नाही. ९ एप्रिलपर्यंत २९ पिल्लं बाहेर आली. तीन अंड्यांत पिल्लं पूर्ण तयार होऊन आतच गेली. ४१ पैकी वांझ सोडून ३४, त्यातून २९. हॅचरीच्या पुस्तकात मी हे आकडे अभिमानाने लिहिले असते.

पिल्लांच्या मागच्या पायाच्या टाचेवर टोकदार उंचवटा असेल तर नर, हे व्हेल्डमध्ये जन्मतःच कळतं. १३ नर, १६ माद्या. पहिले काही आठवडे फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे किडे, त्यांवर कॅल्शियमची पूड, आणि पानांवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. हे काम अंडी उबवण्याहून कष्टाचं आहे. फळमाश्या वाढवायच्या बाटल्या पिल्लं निघायच्या तीन आठवडे आधी लावून ठेवा, नाहीतर पिल्लं उपाशी आणि तुम्ही दुकानांच्या दारात.

हे मशीन कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांच्या घरात बारा महिने ७६ ते ७८ तापमान राहतं त्यांना मशीनच लागणार नाही. बंद कपाटात डबे ठेवले तरी व्हेल्डची अंडी उबतात, फक्त वेळ जास्त लागतो. पँथर शॅमेलिऑनवाल्यांनीही घेऊ नये. मादागास्करच्या त्या जातीच्या अंड्यांना बरेच पाळणारे मध्ये काही आठवडे गारवा देतात, आणि हे मशीन फक्त तापवतं, गार करत नाही. उन्हाळ्यात टेक्सासच्या गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर उपयोग शून्य, कारण बाहेरच शंभर असतं. थर्मोकोल धुताना जपा, ब्रशने घासलं की दाणे निघतात आणि फटीत बुरशी बसते. मी पातळ ब्लीचच्या पाण्याने पुसून दोन दिवस उन्हात वाळवतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट कळकळीने. आपला सरडगुहिरा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे. शेताच्या बांधावर अंडी सापडली तर माती सारखी करून तिथून निघून या, तीच त्यांची हॅचरी. साताऱ्याकडे माझ्या लहानपणी त्याला विषारी समजून दगडाने मारायचे. तो विषारी नाही, शेतातले किडे खातो. मारू नका. परदेशी जाती पाळायच्या असतील तर साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि व्हेल्ड त्या यादीत आहे.

माझ्याकडून होव्हा-बेटरला पाचपैकी चार आणि कंट्रोलरसह पाच. आठवडाभरापूर्वी पाचूच्या मुलीने पहिली अंडी घातली. २४ आहेत. डबे तोलले, वजनं झाकणांवर लिहिली. या वेळी आकडे नातीच्या हस्ताक्षरात आहेत.